रूम रेंटची ओळ वाचून दाखवा

ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाचे आकडे ब्रोकरकडून आले, की तारापूर एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांत ठरलेले परिपत्रक निघते: 'सभासदांनी योजनेचा वापर जपून करावा.' जपून म्हणजे काय, हे त्यात नसते. सूचनाफलकावर कागद पिवळा पडतो, प्रीमियम चढतच राहतो.

ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, गणित वेगळे आहे. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के ठरलेले. कोणी कितीही काटकसर केली तरी ते हलत नाही. त्या मर्यादेच्या वरचे ऑपरेटर, सुपरवायझर, केमिस्ट ग्रुप पॉलिसीत येतात. तिथे मात्र यंदाच्या क्लेमवर पुढचा दर ठरतो, म्हणून सभासदाच्या निवडीला खरी किंमत आहे.

समजा, पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा रोजची ५,००० आहे. कामगाराने वडिलांसाठी ८,००० ची खोली घेतली, चार दिवस. वरचे १२,००० आपल्याला भरावे लागणार, एवढे त्याला कळते. पण प्रमाणशीर कपातीचे कलम असेल तर डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे ८०,००० झाले तरी विमा कंपनी त्यातले पाच-अष्टमांश, म्हणजे ५०,००० च मान्य करते. एकूण ४२,००० खिशातून गेले, तेही डिस्चार्जच्या काउंटरवर, गाडी बाहेर उभी असताना. शिवाय वरच्या वर्गाच्या खोलीला बाकीचे दरही वरचेच लागतात. ही एक ओळ भरतीपूर्वी कळली असती तर कामगाराचे पैसे वाचले असते आणि रुग्णालयाचे बिलही लहान झाले असते.

दुसरी गोष्ट आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. ओपीडीचा खर्च मिळत नाही म्हणून तपासण्यांसाठी 'एक दिवस ॲडमिट' होणे. यात एकट्या सभासदाला दोष देणे मला पटत नाही. पॉलिसीच त्याला खाटेकडे ढकलते. तपासण्यांसाठी छोटी ओपीडी मर्यादा घेऊन पाहा, ती धरून आणि न धरता असे दोन्ही हिशेब ब्रोकरकडून मागवा.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत वेळ हाताशी असतो. बोईसर-पालघरचा माणूस सवयीने वापी किंवा मुंबई गाठतो. जाण्याआधी दोन नेटवर्क रुग्णालयांचे लेखी अंदाजपत्रक त्याला मिळवून द्या, जवळचे एक त्यात असू द्या. रात्रपाळीत रिॲक्टरजवळ भाजलेल्या माणसाला मात्र हे काही सांगू नये. त्याला गाडीत घालावे.

आणि आपल्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या, बाजूचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होते. अशा पट्ट्यात कामगाराला जपून वागायला सांगताना थोडा संकोच वाटला पाहिजे. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी त्यांना पाहता याव्यात, असे १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात आले. तरी वार्षिक तपासणीचे कागद फाइलीतच राहतात. साखर वाढलेली तिथे लिहिलेली असते. कामगाराला ती कळते पाय चिघळल्यावर, आणि तोवर तो क्लेम झालेला असतो.

या नूतनीकरणाला परिपत्रक काढू नका. नावे आणि आजार झाकून वर्षाचे क्लेम कामगारांसमोर ठेवा, युनियनचा माणूस शेजारी बसवा, आणि प्रत्येक शिफ्टला रूम रेंटचे कलम मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवा.