कृत्रिम श्रोणी चालण्यासाठी तपासली. बसण्यासाठी कोण तपासणार?

हाडाच्या कर्करोगामुळे श्रोणीचा, म्हणजे कमरेखालील हाडांच्या कड्याचा, भाग काढावा लागल्यास सीटी स्कॅनवरून बेतलेला, त्रिमितीय छपाईने घडवलेला टायटॅनियमचा भाग बसवण्याच्या शस्त्रक्रिया आता भारतातही होतात. बातम्यांत त्याच्या अचूक आकाराचे कौतुक होते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरी कसोटी आकाराची नसून भाराची आहे.

६० किलो वजनाची व्यक्ती चालताना एका पायावर येते, तेव्हा खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे जवळपास १५०० न्यूटन बल पडते. तोल सावरणाऱ्या स्नायूंचा तरफबाहू आखूड असल्याने त्यांना जोरात ओढावे लागते आणि ती ओढही सांध्यावरच येते. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा यंग गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या घट्ट थराचा १५ ते २०. ताठर धातू बराचसा भार स्वतःकडे घेतो. भाराला मुकलेले हाड झिजते आणि पकड सैल होऊ शकते. म्हणूनच धातू सच्छिद्र ठेवून त्याची ताठरता कमी केली जाते.

युइंग सार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने मुलांना व किशोरवयीनांना होतो आणि श्रोणी हे त्याचे एक नेहमीचे स्थान आहे. वर्षाला एका पायाची सुमारे १० लाख पावले धरली, तर ५० वर्षांच्या आयुष्यात ५ कोटी भारचक्रे होतात.

संगणकीय अभ्यासांत प्रामुख्याने एका पायावर उभे राहणे आणि सपाट जमिनीवर चालणे तपासले जाते. आपल्याकडे मात्र लाखो माणसे मांडी घालून जेवतात, उकिडवे बसून शौचास जातात. या स्थितींत खुबा खोलवर वाकतो, भाराची दिशा बदलते; त्यातच स्नायू काढले गेले असतील, तर सांधा निखळण्याचा धोका वाढतो.

कर्करोगात प्रथम जीव वाचवायचा असतो, हे निर्विवाद. तरीही वाचलेला जीव जगणार असतो तो आपल्याच घरात, आपल्याच सवयींसह. ‘जमिनीवर बसू नका’ हा सल्ला आज कदाचित योग्यही असेल. पण त्यामागे मोजमाप हवे. आपल्या आयआयटींनी आणि कर्करोग रुग्णालयांनी एकत्र येऊन या स्थितींतील कोन व बले मोजावीत, ती प्रारूपांत घालावीत आणि आकडे सर्वांसाठी खुले करावेत. यांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनो, प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर तो इथे आहे.