यादी सरकारची, खापर मतदाराच्या माथी!

25 जानेवारी उजाडला की सरकारी कचेऱ्यांच्या आवारात शपथांचा गजर सुरू होतो. राष्ट्रीय मतदार दिवस! रांगोळ्या, शाळकरी पोरांची प्रभातफेरी, सेल्फी पॉइंट आणि सदिच्छादूत म्हणून एखादा नट. 2011 पासून हा सोहळा बिनचूक चालू आहे. मतदानाची टक्केवारी घसरली की हीच मंडळी शहाजोगपणे सुस्कारा टाकतात : काय करणार, लोकच उदासीन! 2024 च्या विधानसभेला कुलाब्यात 44 टक्क्यांच्या आसपास मतदान झाले तेव्हाही हाच सूर लागला. कुलाब्याची वकिली आम्ही करत नाही. दारात गाडी असून बूथपर्यंत न जाणाऱ्याला लाज वाटलीच पाहिजे. पण त्या सुखवस्तू आळसाच्या आड साऱ्या यंत्रणेचा नाकर्तेपणा झाकू पाहाल, तर ते खपवून घेतले जाणार नाही.

उदासीन कोण ते एकदा चव्हाट्यावर येऊ द्या. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांबाबत बजावून ठेवले आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मतदान उगवले जानेवारी 2026 मध्ये! कधी आरक्षणाचा वाद, कधी प्रभागरचनेचा घोळ, आणि मध्ये नुसत्या कोर्टाच्या तारखा. अखेर सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये कान उपटावे लागले. तोवर प्रशासक खुर्चीत आणि नागरिक दाराबाहेर. 2022 मध्ये अठरा वर्षांचा झालेला पोरगा पालिकेचे पहिले मत देईपर्यंत बाविशीला टेकला. बरे, इतकी वर्षे हातात असून यादी घेतली कोणती? 1 जुलै 2025 ची. त्यानंतर ज्यांनी अठरा पूर्ण केली, त्यांनी घरी बसावे!

यादीतल्या चुकांबद्दल विचारायला जा. राज्य निवडणूक आयोग म्हणतो, नावे घालण्या-काढण्याचा अधिकार आम्हाला नाही, विधानसभेची यादी आम्ही फक्त प्रभागवार फोडतो. केंद्रीय आयोगाकडे जावे, तर ही निवडणूक त्यांची नव्हेच. मग ज्या म्हातारीचे नाव गेले तिने कोणाची कॉलर धरायची? हातात ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नसेल तर कायद्याने मत नाही. कोणाचे नाव कमी करायचे तर आधी त्याला म्हणणे मांडायची संधी द्या, हेही 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. ही संधी मिळाल्याचे आठवणारा मतदार शोधून दाखवा! देशाच्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून गेली, कारण त्या ‘अमक्याची बायको, तमक्याची लेक’ एवढेच सांगत. तो अन्यायच होता. पण तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तो निदान लिहून तरी ठेवला. आजचे अधिकारी कारणही सांगत नाहीत आणि आकडाही देत नाहीत.

या पापाचा कळस पाहायचा असेल तर बीड जिल्ह्यात जा. मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोड कोयत्यांची जोडपी दिवाळी सरली की कोल्हापूर, सांगली, थेट कर्नाटकापर्यंत निघतात. 2024 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता, आणि मतदान ठेवले 20 नोव्हेंबरला! कॅलेंडर पाहायलाही कोणाला सवड झाली नाही, की पाहून ठेवले? मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या, असे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 135-ब कलम म्हणते. टनावर मजुरी घेणाऱ्याने, तीनशे किलोमीटरवरच्या फडात, ती सुट्टी काय चाटायची? सैनिकाला टपाली मत आहे, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे, पंचाऐंशी ओलांडलेल्याला घरबसल्या आहे. साखर ज्यांच्या घामावर निघते त्यांना नाही. गरज पडली की उमेदवार गाडी धाडतो. मतदारांना असे फुकट वाहून आणणे कायद्याने भ्रष्टाचार आहे, आणि गाडीत बसवलेल्याचे मत कोणाला जाते हे शेंबडे पोरही सांगेल. कारखान्यांच्या खुर्च्यांवर कोण बसलेले आहे हे माहीत असल्यावर या ‘विसरभोळेपणा’चे नवल कसले!

कायद्यात वाटा आहेत, त्या दडपल्या जातात. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखांना आता नवमतदार पात्र ठरतो; किती महाविद्यालयांनी नावनोंदणीचा सहा नंबरचा अर्ज वर्गात वाटला? फुटपाथवर झोपणाऱ्याला पत्त्याचा कागद लागत नाही, बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री जाऊन तो तिथे झोपतो याची खातरजमा करायची, असा आयोगाचाच नियम आहे. पालांवरच्या किती भटक्यांच्या कानावर तो गेला? आणि बीएलओ तरी कोण? मास्तर नाहीतर अंगणवाडीताई, जिच्या डोक्यावर आधीच दहा सर्वेक्षणे लादलेली! उमेदवारावरचे फौजदारी खटले प्रचारात तीनदा जाहीर करा, असे न्यायालयाने 2018 मध्ये फर्मावले. ते छापले जातात, भिंग लावून वाचावे अशा टाइपात, आमच्याच वर्तमानपत्री बिरादरीच्या आतल्या पानांत, रोख पैसे मोजून घेऊन.

तेव्हा शपथा पुरे. पुढच्या दिवाळीआधी फड-टोळ्यांच्या गावी यादीचे चावडीवाचन करा, वगळलेले प्रत्येक नाव कारणासह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि ऊसतोड्याला टपाली मत द्या. जमत नसेल तर सदिच्छादूताला घरी पाठवा, आणि कमी टक्केवारीचा जाब मागायला आम्ही येऊ तेव्हा कचेरीत हजर राहा!