अलीच्या नावावर बिल फाडू नका

परवा वस्तीतल्या व्यायामशाळेत पोरं एका मोबाईलवर वाकून अली-होम्स लढत बघत होती. 2 ऑक्टोबर 1980, लास व्हेगास. अली नुसता उभा. हात तोंडापुढे, पाठ दोरांना, आणि समोरून ठोसे येतायत, येतायत, येतायत. त्याचा स्वतःचा एकही ठोसा धड बसत नाही. असे दहा राऊंड. एक पोरगा म्हणाला, "च्यायला, म्हाताऱ्याने घरी बसायचं ना! होती नव्हती ती इज्जत घालवली." बाकीची हसली.

मी हसलो नाही. मला माझा बाप दिसला.

बाप बाजारात हमाली करायचा. ऐन उमेदीत शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचा, तेव्हा अख्खी वस्ती त्याचं नाव घ्यायची. साठीला आला आणि एक दिवस गोणीसकट खाली बसला. मुकादमाने त्या दिवसाची मजुरी कापली. टोळीतली कालची पोरं हसली. "आता घरी बसा की, आप्पा!" घरी बसून खायचं काय, हे कुणी विचारलं नाही. बाप आता नाही. वस्तीत त्याचा विषय निघतो तो त्या पडण्यावरून. तीस वर्षांच्या गोण्या कोण मोजतो?

म्हणून हा मामला मला नुसता बॉक्सिंगचा वाटत नाही. अंगाच्या बळावर जगणाऱ्या माणसाचं अंग थकल्यावर त्याचा हिशेब कोण लिहितो, कोणत्या वहीत लिहितो, हा खरा प्रश्न आहे.

खेळाच्या पानांवर लिहिणाऱ्या पंडितांची एक वही असते. तिच्यात दोनच रकाने, जिंकला आणि हरला. रॉकी मार्सियानो : 49 लढती, 49 विजय, 1956 साली सन्मानाने निवृत्त. मुहम्मद अली : 61 लढती, 56 विजय, 5 पराभव. त्यातले तीन पराभव शेवटच्या चार लढतींत. लिऑन स्पिंक्स 1978, लॅरी होम्स 1980, ट्रेव्हर बर्बिक 1981. झाला निकाल! मार्सियानोला कळलं कधी थांबायचं, अलीला कळलं नाही, कापा त्याचे मार्क. सावकाराची चोपडी अशीच असते. आकडा बरोबर, आणि कर्ज कसं झालं त्याचा पत्ता नाही.

चला, ती चोपडी उघडू या.

मार्सियानोच्या त्या 49 मधला एक आकडा आहे जो लुई. 26 ऑक्टोबर 1951. लुई तेव्हा 37 वर्षांचा, डोक्यावर टक्कल पडलेलं, बारा वर्षं जगज्जेता राहून निवृत्त झालेला. मग परत का आला? हौस म्हणून? 1942 साली त्याने दोन लढतींची कमाई अमेरिकेच्या आरमाराच्या आणि सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकली होती. सरकारने त्या दान केलेल्या पैशावरही कर लावला. दंड चढला, व्याज चढलं, आकडा लाखांत गेला. ते फेडायला म्हातारा काळा माणूस पुन्हा रिंगणात उतरला आणि आठव्या राऊंडात दोरांबाहेर कोसळला. मार्सियानोच्या पराभवाच्या रकान्यात जे गोंडस शून्य आहे, ते काही अंशी लुईच्या या थकलेल्या अंगावर उभं आहे. मार्सियानोचा यात दोष नाही. पण त्या शून्याची आरती ओवाळणाऱ्यांनी खाली कोण पडलंय ते बघावं.

हेच पुढे चालू. होम्सच्या 48 सलग विजयांत म्हातारा अली आहे. तोच होम्स 1985 साली मायकेल स्पिंक्सकडून हरला, 49 चा आकडा हुकला. जानेवारी 1988 मध्ये पावणेदोन वर्षं बसून राहिलेल्या 38 वर्षांच्या होम्सला टायसनने चौथ्या राऊंडात झोपवलं. आणि 2005 साली टायसन मॅकब्राइडसमोर स्टुलावर बसून राहिला, उठलाच नाही. प्रत्येक नव्या राजाच्या वहीत एका जुन्या राजाचं मढं लागतं. ते सजवून, तिकिटं लावून विकणारी एक जमात असते. ती कधीच हरत नाही. तिच्या नावापुढे पराभवाचा रकानाच नाही.

आता अलीचं खातं.

22 मार्च 1967 पर्यंत अली 29 लढती लढला आणि 29 जिंकला. पंडितांनो, तुमचं लाडकं शून्य त्याच्याकडेही होतं! 28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीसाठी त्याचं नाव पुकारलं, तो पुढे सरकला नाही. व्हिएतनाममधल्या गरिबांवर गोळी झाडायला तो तयार नव्हता. खटला उभा राहायच्या आधीच, काही तासांत, त्याचा परवाना आणि किताब काढून घ्यायला सुरुवात झाली. जूनमध्ये पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा. तो जामिनावर बाहेर राहिला, पण पासपोर्ट जप्त. देशात लढायचं नाही आणि देशाबाहेर जायचं नाही. 26 ऑक्टोबर 1970 ला अटलांटात तो परत रिंगणात आला, तोवर तीन वर्षं सात महिने गेले होते. वय 25 ते 28. मुष्टियोद्ध्याच्या अंगातली सगळ्यात सोन्यासारखी वर्षं. 28 जून 1971 ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. पाय मात्र कुठल्याच कोर्टाने परत दिले नाहीत.

त्याचे पाचही पराभव यानंतरचे आहेत. पाचही! आधी तो ठोशाला अंगाला शिवूच द्यायचा नाही. परतल्यावर पाय मंद झाले, तेव्हा ठोसे खाऊन जिंकायची नवी विद्या त्याला काढावी लागली. 1974 ला किन्शासात फोरमनसमोर ती चालली, 1975 ला मनिलात फ्रेझरसमोर चालली. आपण टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचं बिल नंतर आलं.

ते येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. 1977 मध्ये शेव्हर्सच्या लढतीनंतर त्याचा डॉक्टर फर्डी पचेको मूत्रपिंडाचे तपासणी अहवाल घेऊन सांगत होता की थांबा. कुणी ऐकलं नाही, डॉक्टर सोडून गेला. 1980 साली बोलणं अडखळू लागलेल्या अलीला नेवाडात लढायचा परवाना मिळाला. वजन झटपट उतरावं म्हणून गोळ्या, तरुण दिसावं म्हणून केसांना कलप. हॉटेलच्या पार्किंगच्या जागेत मांडव घातला, हजारो तिकिटं खपली. त्याच सीझर्स पॅलेस हॉटेलात म्हाताऱ्या जो लुईला पाहुण्यांचे हात हातात घेऊन हसायची नोकरी होती! एक राजा दारात आणि दुसरा रिंगणात. दहाव्या राऊंडनंतर डंडीने लढत थांबवली. होम्स रडला. तो एकेकाळी अलीचाच सरावातला जोडीदार होता. ठोसे मारणारा रडला आणि गल्ला मोजणारे मोजत राहिले. अलीला 80 लाख डॉलर कबूल केले होते. हातात 11 लाख 70 हजार कमी पडले असा दावा त्याने प्रवर्तक डॉन किंगवर लावला. शेवटी 50 हजारांवर तो मिटवला.

डिसेंबर 1981 मध्ये बहामाजमधल्या नासाऊत बर्बिक. तिथे राऊंडची घंटासुद्धा नव्हती, गाईच्या गळ्यातली घंटा आणून वाजवली. 1984 साली निदान झालं, पार्किन्सन.

आता कुणी म्हणेल, अली काय कुक्कुलं बाळ होता? नव्हता. त्याला पैसा हवा होता, भोवती खाणारी पंचवीस तोंडं होती, गर्दीच्या आरोळीची नशा होती. पुन्हा लढायचं त्यानेच ठरवलं, हे मी लपवत नाही. आणि त्याच्या खात्यावर काळं काही लिहायचंच असेल तर हे लिहा : साउथ कॅरोलिनात दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या घरातून आलेल्या, बंदीच्या काळात त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जो फ्रेझरला त्याने गोऱ्यांचा चाकर म्हटलं, माकड म्हटलं. काळ्याने काळ्याला! हा डाग आहे. होम्सकडून खाल्लेला मार हा डाग नाही, ती जखम आहे. डाग आणि जखम यातला फरक ज्याला कळत नाही त्याने वारसा-बिरसा शब्द तोंडात घेऊ नयेत.

आणि मजा बघा. 1996 साली अटलांटात थरथरत्या हाताने अलीने ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा सगळी अमेरिका गहिवरली. 2005 साली बुशने त्याच्या गळ्यात देशाचं मोठं पदक घातलं, तेही इराकमध्ये फौज घुसवलेल्या बुशने! बोलणारा अली त्यांना नको होता. जीभ जड झालेला अली सगळ्यांचा लाडका झाला. अलीच्या वारशाला धोका होम्सच्या ठोशांकडून कधीच नव्हता, तो या हारतुऱ्यांकडून आहे. आपल्याला हे नवं नाही. जिवंत असताना ज्याची वाट अडवली त्याच्याच पुतळ्याला हार घालायला कोण पहिलं येतं, ते आपण दरसाल बघतो.

1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून. अली त्यांच्या पक्षात नव्हता, तो नेशन ऑफ इस्लामचा. पण नाही म्हणायची किंमत स्वतःच्या अंगाने मोजणारा माणूस आपल्या नात्यातलाच लागतो. नातेवाईक म्हाताऱ्याच्या पडण्यावर हसत नाहीत.

त्या पोराच्या हातातला मोबाईल मी घेतला. 14 नोव्हेंबर 1966, ह्यूस्टन, क्लीव्हलंड विल्यम्सची लढत लावून दिली. पाय बघ म्हटलं. तिसऱ्या राऊंडात खेळ खलास, अलीला धड ठोसा लागलेला नाही. पोरं गप्प.

"आयला! याच्यापुढचं दाखव की, दादा," तो म्हणाला.

म्हटलं, पुढचं फारसं नाहीये. पाच महिन्यांनी त्याच शहरात तो नाही म्हणाला. त्यापुढची साडेतीन वर्षं सरकारने खाल्ली. मागायची तर तिकडे माग. म्हाताऱ्याला कशाला विचारतोस?