सप्ताहातली वीणा घरीही वाजू द्या

श्रावण लागला की जळकोट, उदगीर, मुखेड या पट्ट्यात गावोगाव सप्ताह बसतात. कुठे अखंड हरिनाम, कुठे मन्मथस्वामींच्या परमरहस्याच्या पारायणासह शिवनाम. हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्याची नावं आधीच ठरतात आणि रात्री दोनला ज्याची पाळी असेल तो, मग ट्रॅक्टर चालवणारा असो की किराणा दुकानदार, वीणा गळ्यात अडकवून उभा राहतो. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो आणि तारांचा आवाज विरायच्या आत नवं बोट फिरू लागतं. यातले बहुतेकजण संगीत शिकलेले नसतात, तरी वाद्य वाजवतात. सात दिवस जे जमतं ते उरलेलं वर्ष का सोडून द्यायचं? साधं, विजेवाचून वाजणारं तारेचं वाद्य स्वतःच्या आनंदासाठी वाजवण्याची सवय आपण मोडली आहे. ती पुन्हा लावून घ्यायला हवी आणि ते अवघडही नाही.

अवघड नाही, कारण वाद्यच तसं आहे. तुणतुण्याला एक पोकळ नळकांडं, त्याच्या बुडाला ताणलेलं कातडं, बाजूला बांबूची काठी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एक तार. एकतारीत नळकांड्याच्या जागी भोपळा. सूर एकच असल्यामुळे चुकीची पट्टी दाबली जाण्याचं भय नाही. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे तिथे गळ्यालाच पेटीकडे जावं लागतं. इथे खुंटी पिळून तार आपल्या गळ्याकडे आणता येते. आपला सूर पांढरी एक की काळी दोन, हे ठाऊक नसलेला माणूसही तार आणि आवाज एकमेकांत मिसळले की ते लगेच ओळखतो. तो क्षण हाच या वाजवण्याचा खरा आनंद. साध्या लाकडी गिटारवर दोन-तीन कॉर्ड धरून घरात गुणगुणणारी जगभरातली माणसं हाच आनंद घेतात, आणि जळकोटच्या एखाद्या पोराला गिटारच आवडली तर तीही उत्तमच.

यावर पहिला आक्षेप असा, की मोबाइलवर तानपुरा फुकट वाजतो, तोही अचूक. गाणाऱ्याच्या रियाजाला त्याचा उपयोग आहेच. पण जे कधी उतरतच नाही, ते लावावंही लागत नाही. तार उन्हा-थंडीत उतरते-चढते, म्हणून कान जागा राहतो. खुंटी किंचित पिळायची, छेडायची, ऐकायची आणि पुन्हा पिळायची, या खटाटोपातच न शिकलेल्या माणसाला सूर कळू लागतो. तो खटाटोप मोबाइल वाचवतो आणि त्याबरोबर शिक्षणही वाचवतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तुणतुणं म्हणजे माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घालणाऱ्यांचं आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दिसणाऱ्या वाघ्यांचं वाद्य. त्यांच्यासाठी ते पोटाचं साधन होतं आणि गावाने त्याकडे मागत्याचं वाद्य म्हणूनच पाहिलं. मग सुखवस्तू घरांनी ते हौसेने उचलणं कितपत बरं? पण ही हेटाळणी चालू ठेवून त्या कलावंतांचं काही भलं झालेलं नाही. शाहिरीचा फडही डफ-तुणतुण्यावरच उभा राहिला. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि शाहिरी कामगारांच्या सभांपर्यंत नेली. वाद्य हलकं असेल, पण हलक्या प्रतीचं नाही. ते शिकायचं असेल तर गोंधळी-वाघ्यांकडून शिकावं आणि शिकवणीचे पैसे रोख मोजावेत. आणखी एक, बऱ्याच गावांत वीणेचा पहारा पुरुषांकडेच असतो. वाद्य घरात आलं तर ते बायकांच्याही हाती येईल.

सोयाबीनला भाव नाही, तिथे तुणतुण्याचं काय कौतुक, असंही कोणी म्हणेल. एकतारीने कर्ज फिटत नाही, हे मान्यच. पण ही वाद्यं सुबत्तेतून आलेली नाहीत, ती हातात फारसं काही नसलेल्या माणसांनीच जपली. शिवाय आज गावाचा पैसा वाचतोय असंही नाही, तो डीजेच्या भिंतींवर जातोच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. भिंत उभी राहिली की ती मर्यादा कागदावर राहते, आणि मिरवणुकीत शे-दोनशे माणसं असूनही वाजवणारं कोणीच नसतं.

म्हणून सप्ताह समित्यांना एक विनंती. पुढच्या वर्षी वर्गणीचा हिशेब मांडताना मंडपाच्या आणि लाउडस्पीकरच्या भाड्याखाली चार एकताऱ्यांचा खर्चही लिहा. काल्याचं कीर्तन झालं की त्या एकताऱ्या कपाटात ठेवू नका. ज्याला हवी त्याला महिनाभरासाठी घरी न्यायला द्या आणि परत आली की पुढच्याला.