पडदा टिपायचा, पण कशाने?

संगणकाच्या कळफलकावर वरच्या ओळीत उजवीकडे ‘प्रिंट स्क्रीन’ नावाची एक कळ असते. आमच्या वर्गातील निम्म्या मंडळींनी तिला आजवर बोट लावलेले नाही. ‘डॉस’च्या जमान्यात शिफ्टबरोबर ही कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर खरोखरच छपाईयंत्रातून कागदावर उमटत असे. पुढे विंडोज आले आणि ही कळ पडद्याचे चित्र घेऊन मुकाट्याने ‘क्लिपबोर्ड’वर ठेवू लागली. डोळ्यांना काहीच घडलेले दिसेना, त्यामुळे कळच बिघडली आहे असा पुष्कळांचा समज झाला. मग खिशातून मोबाईल निघतो आणि संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला जातो. त्या फोटोत आडवे पट्टे, ट्यूबलाईटचे प्रतिबिंब आणि काढणाऱ्याचा अंगठा हे तिन्ही हमखास असतात. गंमत म्हणजे, आपल्या काही आदरणीय प्राध्यापकांकडून वर्गाच्या गटावर येणाऱ्या नोट्सही याच जातीच्या!

हा विषय संगणकशास्त्राच्या मुलांचा, कला शाखेला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. मला नेमके उलटे वाटते. जुन्या नियतकालिकांची पाने, कोश, दुर्मिळ पुस्तके आज आपण ग्रंथालयात बसून कमी आणि पडद्यावर जास्त पाहतो. शिलालेखाचा अभ्यासक दगडावर ओला कागद थापून ठसा घेतो, तेव्हा कागद कोणता आणि शाई किती याचा विचार करतो. ठसा बिघडला तर वाचन बिघडते, हे त्याला ठाऊक असते. आपण मात्र जे हाताला लागेल ते सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि पुढे जातो.

माझ्यापुरते सांगायचे तर, पहिला फटका बसला तो अनुस्वाराचा. प्रकल्पासाठी एका जुन्या मासिकाची पाने मी पडद्यावरून टिपली, ती ‘जेपीजी’ प्रकारात साठवली आणि मैत्रिणीला मोबाईलवरून पाठवली. तिने उतरवून घेतलेल्या मजकुरात ‘वंश’चा ‘वश’ झाला होता आणि ‘मंद’चा ‘मद’. वाक्याला अर्थ लागत होता, म्हणून कोणाला शंकाही आली नाही! जेपीजी ही पद्धत छायाचित्रांसाठी आहे. डोळ्याला फारसा जाणवणार नाही असा तपशील गाळून ती फाईल लहान करते. झाडाच्या फोटोत दोन पाने पुसट झाली तर बिघडत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेवरचा एक ठिपका म्हणजे अख्खे अक्षर असते. त्यात निरोपाच्या ॲपने चित्र आणखी दाबले की तो ठिपका संपलाच. १९९६ साली प्रमाणित झालेली ‘पीएनजी’ पद्धत चित्र साठवताना काहीही गाळत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, ते पीएनजी देते का हे आधी पाहा, आणि चित्र पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

स्थिर चित्रापुरते बोलायचे, तर बहुतेकांना वेगळे काही घ्यावेच लागत नाही. विंडोजमध्ये ‘स्निपिंग टूल’ व्हिस्टाच्या काळापासून, म्हणजे २००७ पासून, आहेच. आता विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकदम दाबल्या की हवा तेवढाच तुकडा कापून घेता येतो. मॅकवाल्यांसाठी २०१८ पासून शिफ्ट, कमांड आणि ५. लांबलचक लेख एका चित्रात हवा असेल तर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पूर्ण पान टिपण्याची सोय आहे. शेकडो पाने टिपून त्यांना क्रमाने नावे द्यायची असतील तर विंडोजवर ‘शेअरएक्स’ आहे, तेही विनामूल्य. असो.

खरी परीक्षा हलत्या चित्राची. गेल्या पावसाळ्यात मराठी विभागाच्या शब्दसंग्रह उपक्रमासाठी मी कोकणातल्या आत्याशी संगणकावरून व्हिडिओ कॉल केला. भातशेतीचे शब्द हवे होते. नुसता आवाज पुरला नसता, कारण आत्या एकेक वस्तू माळ्यावरून काढून दाखवीत होती. इरले दाखवले, कणगी दाखवली, तरवा कसा काढतात ते हातवारे करून सांगितले. तासभर ती रंगात येऊन बोलत होती. नंतर फाईल उघडली तर फक्त दहा मिनिटे! ‘संपूर्ण मोफत’ म्हणून मी जे सॉफ्टवेअर घेतले होते, ते दहा मिनिटांनंतर न सांगता थांबत असे. तशी बारीक ओळ त्यांच्या माहितीपत्रकाच्या तळाशी होती म्हणे. जी दहा मिनिटे मिळाली, त्यांच्यावरही मधोमध कंपनीच्या नावाचा शिक्का! आत्याला पुन्हा फोन केला. तिने नाही म्हटले नाही, पण दुसऱ्या खेपेस तीच माणसे, तीच कामे पंधरा मिनिटांत आटोपली. ‘उडवी’ कशी रचतात हे सांगताना पहिल्या वेळी तिला आजोबांची आठवण झाली होती, ती पुन्हा झाली नाही.

त्यानंतर मी ‘ओबीएस स्टुडिओ’कडे वळलो. २०१२ पासून चाललेला हा मुक्तस्रोत प्रकल्प विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याला वेळेची मर्यादा नाही, शिक्का नाही, पैसे नाहीत. प्रथम उघडल्यावर मात्र तो काळ्या पडद्याखेरीज काही दाखवीत नाही. ‘सोर्स’ म्हणजे काय टिपायचे ते आपण सांगावे लागते, आणि इथेच बरेच जण कंटाळून परत फिरतात. पण तेवढी अर्ध्या तासाची चिकाटी दाखवली, की माझा आवाज एका पट्टीत आणि आत्याचा दुसऱ्या पट्टीत असे वेगवेगळे साठवता येतात. मध्येच माझा खोकला आला तरी तिचा शब्द शाबूत! आणखी एक गोष्ट आपल्या गावच्या विजेशी संबंधित आहे. साध्या ‘एमपी४’ फाईलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज गेली तर सारी फाईल उघडेनाशी होऊ शकते. ‘एमकेव्ही’ प्रकारात साठवले तर गेल्या क्षणापर्यंतचे बहुतेक हाती राहते आणि ओबीएसमध्येच नंतर त्याचे एमपी४ करता येते. विंडोजमधल्या ‘गेम बार’नेही रेकॉर्डिंग होते, पण ते एकाच खिडकीचे, मोकळा डेस्कटॉप टिपायला ते नकार देते.

विकतची सॉफ्टवेअरे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. टेकस्मिथ कंपनीचे ‘कॅम्टेशिया’ टिपणे आणि संपादन एकाच जागी देते, आणि ज्याला रोज पाठ तयार करायचे आहेत त्याचा वेळ त्याने नक्कीच वाचेल. माझा राग आहे तो पेनड्राईव्हवरून वसतिगृहभर फिरणाऱ्या ‘क्रॅक’ केलेल्या प्रतींवर. विनामूल्य साधन समोर असताना चोरीचे घ्यायचे, त्याबरोबर विषाणू घरी आणायचे आणि वर स्वतःला हुशार समजायचे, याला काय म्हणावे?

टिपता येते म्हणून टिपावेच असेही नाही. आत्याला मी आधी विचारले होते. सरांच्या ऑनलाईन तासाचे रेकॉर्डिंग करतानाही विचारायला हवे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चित्रपटांच्या काही संकेतस्थळांवर टिपू पाहिले तर निव्वळ काळी चौकट हाती येते, कारण तशी तजवीज त्यांनी केलेली असते. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा खाजगी अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी वाजवी वापराला जागा देतो. अख्खा चित्रपट टिपून वर्गभर वाटणे म्हणजे समीक्षा नव्हे.

आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील यंत्रांवर आज ओबीएस नाही. विद्यार्थ्याला ते बसवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारा परवलीचा शब्द कार्यालयात असतो. खर्च शून्य आहे, लागेल ती एका दुपारची फुरसत आणि प्रत्येक वर्गाला शिकवायला एक तासिका. प्राचार्यांच्या नावे अर्ज मी लिहून ठेवला आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात भेटावे.