आशाताई विचारून गेली, पुढं काय?

घरातला कर्ता माणूस गप्प गप्प राहू लागला, रात्र रात्र जागू लागला, की ते आधी घरच्या बाईला कळतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारनं १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात आपला जिल्हाही होता. आशाताईंनी घरोघर जाऊन मनाचा ताण ओळखायचा, गरजूला दवाखान्यात पाठवायचं, अशी ती योजना.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. भूम-परंड्याकडची बाई दिवसाची मजुरी बुडवून नवऱ्याला दवाखान्यात नेते. तिथं डॉक्टर भेटले नाहीत, ‘गोळ्या बाहेरून घ्या’ म्हणाले, तर ती पुन्हा येईल? आणि गोळ्या मध्येच तुटल्या की दुखणं उलटतं. मग शेजारीपाजारी देवऋषाची वाट दाखवतात. दोष मात्र तिच्याच माथी!

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, की चांगल्या दर्जाची, परवडणारी सरकारी सेवा हा हक्क आहे. यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, कायम आणि मोफत मिळायला हवीत. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या नंबरवर धीर जरूर मिळतो, पण गोळ्यांचा साठा फोनवरून भरत नाही. ते काम सरकारचंच.

तेव्हा बायांनो, येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडूया. मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कोणत्या गोळ्या शिल्लक आहेत, हे ग्रामीण रुग्णालयाच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहा. फळा कोरा दिसला, तर जाब विचारायला आपण आहोतच.