मैदानी खेळाडू आणि महाविद्यालयाची निवड

धावण्यात, उडीत अथवा गोळाफेकीत ज्यांनी जिल्ह्यात किंवा विभागात क्रमांक मिळविला आहे, अशा विद्यार्थ्यांस बारावीच्या सुमारास एक प्रश्न हटकून पडतो: कोणते महाविद्यालय आपल्याला घेईल? आमच्या मते प्रश्नाची ही मांडणीच उलटी आहे. आपण कोणते महाविद्यालय घ्यावे, हे आधी विचारिले पाहिजे. पारशिवनीहून नागपुरास शिकावयास जाणाऱ्या मुलामागे घरचा जो पैसा जातो, तो पुष्कळदा कापसाच्या वा धानाच्या एका हंगामाचा असतो; आणि निवड चुकली तर ती भरून काढण्यास दुसरा हंगाम सर्वांपाशी नसतो.

परंतु निवडीस निघण्यापूर्वी आपले माप खरे घ्यावे. शाळेच्या मैदानावर हातातील घड्याळाने टिपलेली वेळ विद्युत्-यंत्राच्या वेळेहून सहसा कमी भरते, कारण बार ऐकून अथवा धूर पाहून बोट दाबीपर्यंत धावणारा निघालेला असतो. म्हणून 100 व 200 मीटरच्या शर्यतींत तुलना करिताना हाताच्या वेळेत 0.24 सेकंद मिळविण्याची रीत आहे. गावी 11.2 सेकंदांत धावलेला मुलगा ह्या हिशेबाने 11.44 चा होय. पाठीमागून सेकंदास 2 मीटरहून अधिक वेगाचा वारा असेल, तर ह्या शर्यतींतील व लांब उडीतील विक्रमही मान्य होत नाही. गोळाफेकीत फरक ह्याहून मोठा पडतो. 18 वर्षांखालील मुलांचा गोळा 5 किलोचा, 20 वर्षांखालील मुलांचा 6 किलोचा आणि मोठ्यांचा 7.26 किलोचा. अडथळ्यांच्या शर्यतीत जो अडथळा शाळकरी वयात 91.4 सेंटिमीटरचा होता, तोच पुढे 106.7 सेंटिमीटरचा होतो. तेव्हा शाळेत पहिला आलेला मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मागे पडला, तर ती त्याची अधोगती नव्हे. गोळा जड झाला, इतकेच. अर्ज करिताना स्पर्धा कोणती, दिनांक कोणता, घड्याळ कोणते व गोळा किती किलोचा, हे स्पष्ट लिहावे. फुगविलेला आकडा जाणता प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात ओळखतो.

आता महाविद्यालयास काय विचारावे? माहितीपत्रकात मैदानाचे चित्र असते. त्या मैदानावर सायंकाळी पाच वाजता कोण उभे असते, ते चित्रात दिसत नाही. म्हणून एक दिवस जाऊन पाहावे. आपल्या खेळाचा प्रशिक्षक तेथे नित्य येतो की स्पर्धेच्या आठवड्यापुरता येतो? मानकापूरच्या क्रीडासंकुलातील कृत्रिम धावमार्गावर सरावास नेण्याची काही व्यवस्था आहे काय? वसतिगृहात पोटभर जेवण मिळते काय? स्पर्धा व परीक्षा एकाच दिवशी आल्या तर काय करितात? शुल्काची सवलत लेखी आहे की तोंडी, आणि गुडघा दुखावून वर्षभर बसावे लागले तर ती राहते की जाते? शेवटचा प्रश्न विचारण्यास मुले लाजतात. आम्ही म्हणतो, तोच प्रथम विचारावा.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यातील कविता राऊत ह्यांनी 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. त्यांच्या घडणीत नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग ह्यांचा वाटा मोठा. आणि संस्थाचालकाने खेळाडूमागे उभे राहणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर मैदान सोडून क्षणभर आखाड्यात जावे: 1952 साली खाशाबा जाधव ह्यांस हेलसिंकीस पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे बॅरिस्टर खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. सर्वांनी घरे गहाण ठेवावीत असे नव्हे; निदान रेल्वेचे भाडे तरी खेळाडूच्या खिशातून जाऊ नये.

एका गोष्टीचे आम्हांस मनापासून वाईट वाटते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंस 5 टक्के आरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे प्रमाणपत्र हेच साध्य व खेळ हे साधन, अशी समजूत पसरली. उत्तम धावणारी मुले ज्या खेळात स्पर्धक थोडे, असा खेळ शोधीत फिरतात. आणि पैसे घेऊन कागद देऊ म्हणणारेही भेटतात. पुढे पडताळणीत कागद खोटा ठरला, तर नोकरी जाते आणि वर खटला उभा राहतो.

मुलींच्या पालकांस दोन शब्द. 'आता पुरे झाले धावणे' हे वाक्य मुलींस बहुधा सोळाव्या वर्षी ऐकावे लागते. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ येथे 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत दहाव्या आल्या, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

काहींची दृष्टी अमेरिकेकडे असते. ती वाट खरी आहे. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकला आणि 2018 व 2022 साली तेथील आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद त्याने जिंकिले. परंतु तेथे नववीपासूनचे गुण पाहतात, आणि तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेव्हा शिष्यवृत्तीची हमी देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. तेथील प्रशिक्षकांस विद्यार्थ्याने स्वतःच पत्र लिहिता येते.

ज्यांस कोणीच बोलाविले नाही, त्यांनी बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे ह्यांचा क्रम पाहावा. बारावीनंतर ते सैन्यात गेले, सियाचिनच्या बर्फात राहिले, आणि 2015 साली सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरले. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य त्यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत मिळविले. पुढल्या वर्षी हांगझोऊस आशियाई सुवर्ण. अठराव्या वर्षी कोणत्याही महाविद्यालयाच्या यादीत त्यांचे नाव असते, असे आम्हांस वाटत नाही.

यंदा ज्यांस अर्ज करावयाचे आहेत, त्यांनी मसुदा आमच्यापाशी खुशाल आणावा. भाषा सुधारून देऊ. आकडे मात्र आहेत तेच राहतील.